नस्यकर्म आणि परिचारिका : प्रशिक्षणाचा एक दुर्लक्षित विषय

चिकित्सेच्या चार पादांची चर्चा आपल्या परिसंवादांतून वारंवार होत असते. मात्र ती बहुधा भिषक् आणि द्रव्य या पहिल्या दोन पादांपाशीच रेंगाळते. उपस्थाता हा तिसरा पाद उल्लेखापुरता येतो आणि विसरला जातो. वास्तविक चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात परिचारकासाठीही स्वतंत्र चार गुण सांगितले आहेत : उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. पुढे पंधराव्या, म्हणजे उपकल्पनीय अध्यायात शोधनकर्मापूर्वी कोणती माणसे हाताशी असावीत याची जी यादी येते, तीत अन्न शिजविणारा, स्नान घालणारा, अंग चोळणारा, रुग्णाला उठविणारा-निजविणारा आणि औषध वाटणारा असे वेगवेगळे कुशल परिचारक मोजले आहेत. एवढा बारकाईने विचार झालेल्या शास्त्राच्या आजच्या चिकित्सालयात नस्य कोण देते, असे विचारल्यास उत्तर बहुधा ‘आमच्या सिस्टर देतात’ किंवा ‘मावशी आता शिकल्या आहेत’ असे मिळते. त्या कोणाकडून आणि काय शिकल्या, हा पुढचा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखात आम्ही या पुढच्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. बस्ती, वमन, विरेचन यांच्या तुलनेत नस्य हे सोपे कर्म समजले जाते. साहित्य थोडे, वेळ कमी, रुग्णही विशेष नाखूष नसतो. या सोपेपणामुळेच त्याचे शिक्षण देण्याची गरज कोणास वाटत नाही, असे आमचे निरीक्षण आहे.

नाकावाटे औषध देण्याची कल्पना आज केवळ आपलीच राहिलेली नाही. आधुनिक वैद्यकातही गेल्या काही दशकांत तिला मोठे महत्त्व आले आहे. आकडी आलेल्या बालकाची शीर शोधत बसण्याऐवजी नाकात मिडाझोलामचा फवारा मारणे ही आता परिचित पद्धती आहे. अफूजन्य औषधांच्या अतिमात्रेवर नॅलोक्झोनचा नाकातील फवारा अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झाला आणि २०२३ पासून तो तेथे चिठ्ठीविना मिळू लागला. नाकाच्या श्लेष्मल त्वचेतून शोषलेले औषध यकृतात न जाता थेट रक्तात उतरते आणि सुई लागत नाही, हे यामागचे कारण होय. आपल्याकडेही स्वाइन फ्लूच्या साथीनंतर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये नाकावाटे द्यावयाची लस आणली. पुढे भारत बायोटेकची ‘इन्कोव्हॅक’ २६ जानेवारी २०२३ रोजी सादर झाली; तिची मात्रा प्रत्येक नाकपुडीत ४ थेंब अशी होती. लस देणाऱ्या परिचारिकेने आठ थेंब मोजावेत आणि ते नेमके कोठे पडतात हे पाहावे, अशी अपेक्षा तेथे गृहीतच असते. आपल्या अणुतैलाच्या आठ बिंदूंबाबत ती का नसावी?

मोजमापाचा घोळ

येथे पहिली अडचण उभी राहते, ती बिंदूची. वाग्भटांनी बिंदूची व्याख्या केली आहे : तर्जनीची दोन पेरे स्नेहात बुडवून वर उचलल्यावर जो थेंब गळतो तो बिंदू. मर्श नस्यासाठी असे १०, ८ आणि ६ बिंदू अनुक्रमे उत्तम, मध्यम व हीन मात्रेत सांगितले आहेत. कल्कादिकांसाठी प्रत्येकी दोन बिंदू कमी. सुश्रुतांच्या मते स्नेहनस्याची मात्रा ८ बिंदूंपासून सुरू होऊन शुक्ती व पाणिशुक्तीपर्यंत वाढते. ग्रंथ स्पष्ट आहेत. आपण मात्र बोटाच्या जागी काचेचा ड्रॉपर आणला आणि ‘आठ बिंदू’ हे शब्द तेवढे कायम ठेवले.

पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मि.लि. हे सर्वांना पाठ असते. पण तेलाचा पृष्ठताण पाण्याहून बराच कमी असल्याने त्याच ड्रॉपरमधून तेलाचा थेंब लहान पडतो. म्हणजे ड्रॉपरने आठ थेंब तेल घातले तर ते अर्धा मि.लि.देखील भरत नाही. याउलट काही वैद्य एक बिंदू म्हणजे अर्धा मि.लि. असे धरतात, त्यांच्या हिशेबाने आठ बिंदू म्हणजे ४ मि.लि. झाले. एकाच शहरातील दोन चिकित्सालयांत ‘आठ बिंदू अणुतैल’ या एकाच आज्ञेने दहापट अंतर पडू शकते, आणि दोन्ही ठिकाणची परिचारिका आपण आज्ञेप्रमाणेच वागलो असे प्रामाणिकपणे सांगेल. यात तिचा दोष नाही. वैद्याने मात्रा मि.लि.मध्ये लिहिणे हाच यावर उपाय आहे. शास्त्रीय परिभाषा केसपेपरवर जरूर राहू द्यावी. मात्र तिच्या शेजारी ‘प्रत्येक नाकपुडीत इतके मि.लि.’ असा आकडा असावा आणि तो सुईविना १ मि.लि.च्या सिरिंजने मोजावा. आपल्याकडील ड्रॉपरमधून त्या-त्या तेलाचे किती थेंब १ मि.लि. भरतात, हे प्रत्येक चिकित्सालयाने एकदा मोजून भिंतीवर लावावे. काम पाच मिनिटांचे आहे.

मात्रेचा विचार करताना नाकाची सामावून घेण्याची शक्तीही ध्यानात घेतली पाहिजे. दोन्ही बाजूंची मिळून नासागुहा साधारण १५ मि.लि. आकारमानाची असते, आणि ती पोकळ पेल्यासारखी नसून शुक्तिकास्थींनी अरुंद झालेली असते. तीत एकदम ओतलेला द्रव तेथे न थांबता सरळ घशात उतरतो. म्हणूनच ग्रंथांनी अखंड पण संथ धार सांगितली आहे.

स्थिती आणि हात

पूर्वकर्माचा क्रम बहुतेकांस ज्ञात आहे. मलमूत्रविसर्जन, दंतधावन, शिर-मुख-मानेस अभ्यंग, मृदू स्वेदन, निवात जागा, उताणी स्थिती. पाय किंचित् उंच, मस्तक किंचित् खाली. या ‘किंचित्’ शब्दाकडे परिचारिकांचे लक्ष वेधावे लागते. मान पलंगाच्या कडेवरून पूर्ण लोंबकळू दिलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत. मानेच्या मणक्यांचा विकार असलेल्या, चक्कर येणाऱ्या किंवा वृद्ध रुग्णास ती स्थिती घातक ठरू शकते. काहींना तर केवळ मान मागे टाकल्यानेच भोवळ येते आणि नंतर ती नस्याच्या नावावर नोंदली जाते. खांद्याखाली घडी घातलेली चादर किंवा पातळ उशी, हनुवटी वर आणि मानेला खालून हाताचा आधार इतके पुरेसे होते. ज्यांना तेही सोसत नाही त्यांच्यासाठी कुशीवर झोपवून चेहरा वरच्या बाजूस वळविण्याची एक पद्धती आहे. जपानमधील कर्णनासाकंठ तज्ज्ञांनी तिला ‘कायतेकी’, म्हणजे सुखावह, असे नाव दिले आहे. आपल्या ग्रंथांतील उत्तान स्थितीचा तो पर्याय नव्हे, परंतु अपवादात्मक रुग्णांसाठी विचारात घेण्यासारखा जरूर आहे.

परिचारिकेचा डावा हात बहुतेक ठिकाणी चुकतो. सुश्रुतांनी डाव्या तर्जनीच्या अग्राने नासाग्र वर उचलण्यास सांगितले आहे. प्रत्यक्षात डाव्या हाताने रुग्णाचे कपाळ दाबून धरले जाते आणि ड्रॉपर नाकपुडीत आत खुपसला जातो. नासाग्र उचलले की मार्ग दिसतो, आणि मार्ग दिसला की ड्रॉपर आत घालण्याची गरजच उरत नाही. ड्रॉपरचे टोक नाकास लागले नाही, तर ते पुन्हा बाटलीत बुडविल्याने होणारा संसर्गही टळतो. डोळ्यांवर वस्त्राची घडी ठेवण्याची सूचनाही अशीच व्यवहारातून आलेली आहे; कलंडलेला तीक्ष्ण तेलाचा एक थेंब डोळ्यात गेला की रुग्ण दुसऱ्या दिवशी येत नाही.

नस्यापूर्वी नाक तपासणे हे वैद्याचे काम खरे, परंतु सात दिवसांच्या क्रमात रोज वैद्य पाहतोच असे नाही. त्यासाठी परिचारिकेस एक साधी युक्ती शिकवावी. थंड स्टीलचा चमचा किंवा लहान आरसा नाकाखाली धरला की दोन्ही बाजूंनी उमटणाऱ्या वाफेच्या ठिपक्यांची तुलना होते. एक बाजू बंद असेल तर तसे वैद्यास कळवून मगच पुढे जावे. बंद नाकपुडीत तेल ओतून ‘जाईल हळूहळू’ असे म्हणणे योग्य नाही.

औषध कोमट करण्याविषयी दोन शब्द. वाटी थेट गॅसवर धरू नये. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी आणि मनगटाच्या आतील बाजूस थेंब टाकून पाहावा. गोकर्ण वापरणाऱ्यांनी त्याची चोच आतून कशी स्वच्छ होते हे एकदा स्वतः पाहावे, असे आम्ही सुचवू. जुन्या तेलाचा चिकट थर तेथे हमखास सापडतो.

नस्य देताना रुग्णाने बोलू, हसू, रागावू नये असा नियम आहे, आणि तो पाळला जावा ही जबाबदारी देणाऱ्याची असते. ‘काका, आता काही विचारू नका, तेल घशात आले की गिळायचे नाही, डावीकडे-उजवीकडे तस्तात थुंकायचे,’ हे सारे तेल घालण्यापूर्वी सांगून झाले पाहिजे. अनेक ठिकाणी ही सूचना तेल घातल्यावर दिली जाते, रुग्ण ‘काय?’ म्हणून उत्तर देतो आणि ठसका लागतो. नस्यानंतर तळवे, मान, खांदे चोळणे व शंभर मात्रा उच्चारण्याएवढा काळ उताणे राहणे, त्यानंतर कोमट पाण्याचे कवल. मूर्च्छा आल्यास शीतल जल शिंपडावे, पण डोक्यावर नव्हे, हा वाग्भटांचा बारकावा प्रत्येक परिचारिकेस पाठ असावा. गोंधळाच्या वेळी हात प्रथम डोक्याकडेच जातो.

तेल फुप्फुसात गेल्यास

आता ज्या विषयासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळतो. तेल घशाऐवजी श्वासमार्गात गेले तर काय होते? पाणी गेले की ठसका लागतो, रुग्ण खोकतो आणि पाणी बाहेर पडते. तेल सौम्य असते. ते खोकल्याची प्रतिक्रिया फारशी न चेतविता खाली उतरू शकते, आणि फुप्फुसास ते सहज बाहेर टाकता येत नाही. यातून उद्भवणाऱ्या विकारास आधुनिक वैद्यक लिपॉइड न्यूमोनिया म्हणते. नाकात तेल घालण्याशी त्याचा संबंध लाफलेन यांनी १९२५ मध्येच दाखवून दिला होता, आणि ते तेल आयुर्वेदीय नव्हते. त्या काळी पाश्चात्त्य देशांत खनिज तेलाचे नाकातील थेंब सर्रास वापरले जात असत.

हा धोका सर्व रुग्णांस सारखा नसतो. सावध, गिळण्याची क्रिया उत्तम असलेल्या आणि थुंकणाऱ्या रुग्णात तो अल्प आहे. पण अर्दित आणि पक्षाघात, जेथे नस्याचा आपण मोठा आधार मानतो, तेथेच गिळण्याची शक्ती अनेकदा क्षीण झालेली असते. आमच्या माहितीतील एका रुग्णालयात पक्षाघाताच्या एका वृद्ध रुग्णास नस्यक्रम सुरू असता चौथ्या-पाचव्या दिवसापासून ज्वर व कास सुरू झाला. छातीच्या क्ष-किरण चित्रात उजव्या बाजूस खाली छाया दिसली. छातीच्या तज्ज्ञांनी ‘तेलाचा काही संबंध?’ असे विचारले, तेव्हा केसपेपरवर नस्याची नोंदच नव्हती. ते देणाऱ्या बाईंना विचारल्यावर त्या म्हणाल्या, “काका पाण्यानेसुद्धा ठसकतात, पण तेलाने कधी ठसकले नाहीत, म्हणून मला वाटलं चांगलं मानवतंय.” रुग्ण सुदैवाने बरा झाला. त्या बाईंच्या वाक्यात मात्र निदानाची सर्व सामग्री होती. फक्त ती ओळखण्याचे शिक्षण त्यांना कोणी दिले नव्हते.

त्यामुळे प्रशिक्षणात आम्ही पहिला नियम हा ठेवू : पक्षाघात, अर्दित, कंपवात किंवा अतिवार्धक्य असलेल्या रुग्णास नस्यापूर्वी बसवून चमचाभर पाणी पाजावे. ठसका लागला, आवाज ओला-घरघरीत झाला किंवा पाणी ओठांतून ओघळले तर नस्य थांबवून वैद्यास बोलवावे. संज्ञानाशात स्नेहनस्य परिचारिकेने कदापि देऊ नये. षडंगुल नळीने फुंकावयाचे प्रधमन आणि तीक्ष्ण अवपीड ही दोन्ही कर्मे तर वैद्याने स्वतःच्याच हातांनी करावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. मनुष्यबळाच्या सोयीसाठी त्यात तडजोड नको.

बालकांचा प्रश्न याला जोडूनच येतो. घरोघरी आजी बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडतात, आणि परिचारिकेला विचारतात, “सिस्टर, घालू ना?” सात वर्षांखाली मर्श नस्य निषिद्ध आहे याविषयी मतभेद नाही. प्रतिमर्श मात्र जन्मापासून मरणापर्यंत हितकर सांगितला असल्याने त्याचा आधार घेतला जातो. पण सुश्रुतांनी प्रतिमर्शाचे प्रमाणच असे दिले आहे की किंचित् आत ओढल्यावर जेवढा स्नेह मुखापर्यंत येतो तेवढा. तान्हे बाळ सांगितल्यावर नाकाने ओढू शकत नाही आणि घशात आलेले थुंकूही शकत नाही. ज्या क्रियेवर ते प्रमाण उभे आहे तीच जेथे शक्य नाही, तेथे थेंब सोडण्यास ग्रंथाचा आधार आहे असे आम्हांस वाटत नाही. बालरोगतज्ज्ञही याच कारणाने तान्ह्यांच्या नाकात तेल घालू नये असे सांगतात. परिचारिकेने आजीबाईंना “नको आजी, वैद्यांना विचारल्याशिवाय नको” असेच उत्तर द्यावे.

जलीय द्रव्यांबाबत वेगळी सावधगिरी हवी. नासागत रक्तपित्तात दूर्वास्वरसाचे नस्य आपण देतो. दूर्वा नळाच्या पाण्याने धुतल्या जातात आणि वाटतानाही तेच पाणी घातले जाते. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो; अमेरिकेतील लुइझियानात २०११ मध्ये न उकळलेल्या नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा त्याने मृत्यू झाला. केरळात २०२४ व २०२५ मध्ये या रोगाचे रुग्ण आढळल्याचे आपण वाचले आहेच. असे रुग्ण विरळा असले, तरी उकळून गार केलेले पाणी वापरण्यास खर्च तो काय! नाकात जाणारे प्रत्येक पाणी उकळलेलेच असावे, हा नियम परिचारिकांस एकदा सांगून ठेवावा.

शिकवावे कसे

केरळातील चेरुतुरुत्ती येथील राष्ट्रीय आयुर्वेद पंचकर्म संशोधन संस्थेत पंचकर्म तंत्रज्ञांसाठी अभ्यासक्रम चालतो. पण गावोगावच्या दोन-तीन खाटांच्या चिकित्सालयातील सिस्टरना तेवढ्यासाठी रजा मिळणार नाही, हे वास्तव आहे. त्यांना वैद्यानेच शिकवावे लागेल, आणि ते अवघड नाही. आरंभी तेल न घेता केवळ स्थिती, हात आणि सूचना यांचा सराव परस्परांवर करावा. त्यानंतर सिरिंजने काचेच्या पेल्यात संथ धार सोडण्याचा. मग निषिद्ध नसेल तर प्रत्येकीने स्वतः एकदा नस्य घ्यावे. घशात तेल उतरताना नेमके काय वाटते हे ज्याने अनुभवले आहे, त्याचा हात पुढे आपोआप सावकाश चालतो. प्रत्यक्ष रुग्णावरील पहिली दहा-बारा नस्ये वैद्य शेजारी उभा असतानाच व्हावीत. निषिद्ध अवस्था तिने ग्रंथातील क्रमाने पाठ करण्याची अपेक्षा नको. जेवण केव्हा झाले, डोक्यावरून स्नान केले का, ताप-सर्दी नवी आहे का, दम लागतो का, स्त्री रुग्ण गर्भिणी अथवा सूतिका आहे का, एवढे प्रश्न तिने रोज विचारावेत आणि एकाही उत्तराला ‘हो’ आले तर थांबावे.

आधुनिक रुग्णालयांतून आलेल्या प्रशिक्षित परिचारिकांना शिकविताना आम्हांस एक सुखद अनुभव येतो. हात धुणे, रुग्णाची ओळख पडताळणे, नोंद ठेवणे या सवयी त्यांच्याकडे आधीपासूनच असतात. आपल्या चिकित्सालयात आल्यावर ‘येथे तेवढे लागत नाही’ असे आपणच त्यांना कळत-नकळत सांगतो. ते थांबविले तरी निम्मे काम होईल. वेतनाचा मुद्दाही टाळण्यासारखा नाही. नीट शिकलेली परिचारिका वर्षभरात दुसरीकडे जाते अशी तक्रार करणाऱ्या वैद्यांनी तिच्या कौशल्याचा मोबदला किती वाढविला, हेही सांगावे.

औषधविक्रेत्या बंधूंकडूनही या कामी साहाय्य अपेक्षित आहे. मार्च २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सकाळ-सायंकाळ नाकपुड्यांत तीळतेल, खोबरेल किंवा तूप लावण्याची सूचना प्रसृत केल्यापासून दुकानांतून अणुतैलाची मागणी वाढली आणि ग्राहक परस्पर बाटली घेऊन जाऊ लागला. त्यास ‘लावणे’ आणि ‘ओतणे’ यांतील भेद काउंटरवरच सांगता येईल. प्रतिमर्शाची मात्रा २ बिंदू आहे. अभ्यंगाचे तेल नाकात घालू नये, ही सूचनाही द्यावी लागते. एकाच नावाचे तेल दोन्ही कामांसाठी मागणारे ग्राहक रोज येतात. चिकित्सालयांना पुरवठा करताना अर्ध्या लिटरच्या बाटलीपेक्षा १० मि.लि.च्या लहान बाटल्या द्याव्यात, म्हणजे एका रुग्णास एक बाटली ठेवता येईल. बाटली उघडल्याचा दिनांक लिहिण्यासाठी लेबलवर कोरी जागा असल्यास उत्तम. खवट वास आलेले तेल परत घेण्यास विक्रेत्याने कुरकुर करू नये.

शेवटी नोंदवहीविषयी. रकाने थोडेच असावेत : दिनांक व वेळ, औषध व त्याचा बॅच क्रमांक, प्रत्येक नाकपुडीतील मि.लि., ठसका लागला का, थुंकीतून तेल आले का, आणि रुग्ण स्वतः काय म्हणाला. शेवटचा रकाना परिचारिकेने रुग्णाच्याच शब्दांत भरावा. ‘डोके हलके’, ‘झोप लागली’, ‘नाक मोकळे’ हे शब्द सम्यक् योगाची लक्षणे सांगतात. ‘डोके दुखू लागले’, ‘तोंडाला पाणी सुटते’, ‘जडपणा तसाच’ हे अतियोग-अयोगाकडे बोट दाखवितात. असे कोष्टक आमच्याकडे तयार आहे. ज्या सभासदांना त्याची प्रत हवी असेल त्यांनी संघटनेच्या कार्यालयाकडे मागणी नोंदवावी.